फोर बाय फोर घ्यायची आहे, पण इंजिन कोणतं? वावर-पांदणवाल्यांसाठी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस विकून पैसे हाती आले की दोन-चार जण तरी घरी येतात, चहा पितात अन् कप खाली ठेवता ठेवता विचारतात, भाऊ फोर बाय फोर घ्यायची म्हणतो, पेट्रोल घेऊ का डिझेल. मी विचारतो गाडी फिरणार कुठं, तर म्हणतात "सगळीकडंच फिरते ना आपली". आता सगळीकडं म्हणजे नेमकं कुठं हे ठरल्याशिवाय इंजिन ठरत नाही, अन् आपल्याकडं होतं उलटंच, आधी रंग ठरतो, मग साळ्याची डिझेल आहे म्हणून आपलीही डिझेल ठरते, अन् विचार करायला सुरुवात होते थेट पहिल्या पावसात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पहिल्यांदा असली, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर जाणारी, गाडी घेणाऱ्यांसाठी.

पायरी १: शोरूमला जायच्या आधी एक आठवडा वहीत लिहा

पोरांची जुनी वही घ्या अन् सात दिवस प्रत्येक फेरी लिहा. किती किलोमीटर, रस्ता कसा, अन् इंजिन सलग किती मिनिटं चाललं. हे तिसरं कोणीच लिहीत नाही, अन् तेच सगळ्यात कामाचं आहे.

माझ्या वहीतला एक सोमवार असा होता: सकाळी घर ते वावर ६ किलोमीटर, त्यातले शेवटचे २ पांदणीचे, मागं दोन गडी अन् फवारणीचे पंप, इंजिन चाललं १८ मिनिटं. दुपारी परत, पुन्हा १८. संध्याकाळी फाट्यावर दूध द्यायला जाऊन येऊन ७ मिनिटं. असे सहा दिवस, अन् रविवारी सासरवाडी, सलग दीड तास. महिन्यातून एकदा नागपूर. वर्षाचं गणित काढलं तर ९ हजार किलोमीटरच्या आतच. मी तोपर्यंत छाती ठोकून सांगत होतो की आपली गाडी वर्षाला २० हजार पळते.

पायरी २: डिझेल घ्यायचं असेल तर आधी डीपीएफ समजून घ्या

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण गावाकडचे सगळ्यात जास्त लोक इथंच फसून रायले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं अन् नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर आला. काम त्याचं साधं, धुरातली काजळी अडवून धरायची. पण अडवलेली काजळी कुठंतरी जाळावी तर लागेल ना, तर गाडी ती आपोआप जाळते, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टर साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापावा लागतो, अन् तो तापतो कधी, तर गाडी रस्त्यावर ५०-६० च्या वर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं चालली तर. पांदणीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे घोंघावत गेलं तर नाही तापत. अन् तापायला लागलाच अन् तुम्ही वावर आलं म्हणून चावी फिरवली, तर काम अर्धवट. उद्या पुन्हा अर्धवट.

माझ्या मामेभावानं नवीकोरी डिझेल घेतली होती, कंपनीचं नाव नाही घेत. घर ते वावर ४ किलोमीटर, बस्स तेवढंच फिरणं. सहाव्या-सातव्या महिन्यात मला फोन, "दादा, गाडीचं ऑइल वाढून रायलं". मी म्हटलं ऑइल कमी होते रे, वाढते कसं. गेलो पाहायला. त्यानं डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली, परत घातली अन् काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. काकाजी बाजूलाच बाजेवर बसले होते, ते म्हणतात "कोणी रात्री आणून टाकते काय बे?" मी एक थेंब बोटावर घेऊन वास घेतला तर डिझेलचा भपकारा, अन् ऑइल चिकट असायला पायजे ते पाण्यासारखं सुटं. झालं काय होतं, फिल्टर तापवायला गाडी सिलिंडरमधे जास्तीचं डिझेल मारते, रीजनरेशन सारखं सारखं अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमधे उतरते. ऑइल पातळ होते, अन् पातळ ऑइलवर टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) अन् बेअरिंग किती दिवस टिकणार. सर्व्हिस सेंटरवाल्यानं कॉम्प्युटर लावून जबरदस्तीनं रीजनरेशन केलं, ऑइल बदललं, बिल हातात दिलं अन् वर शहाणपण शिकवलं की साहेब हायवेला चालवत जा. आता वावरापर्यंत हायवे कुठून आणायचा.

म्हणजे डिझेल वाईट असं नाही हो. तुमच्या वहीत आठवड्यातून दोनदा तरी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याचं चालणं असेल, वणी-नागपूर नेहमीचं असेल, तर डीपीएफ आपलं आपण साफ होत राहते अन् तुम्हाला कळतही नाही. लाइट लागला तर दुर्लक्ष नका करू, त्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढा अन् तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, थोडा चढा ठेवून वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. अन् कोणी गॅरेजवाला म्हणाला की फिल्टर कापून टाकतो, पाइप लावून देतो, तर हात जोडा, पीयूसीची भानगड होते अन् वॉरंटी जाते ती वेगळी.

काही डिझेल मॉडेलांना धूर साफ करायला डीईएफ नावाचं युरियाचं पाणी पण लागते, वेगळी टाकी असते. आपल्या पोत्यातला युरिया विरघळवून टाकू असं म्हणणारे मला भेटले आहेत, नका करू बाप्पा. घेणार ते मॉडेल डीईएफ मागते का एवढं विचारून घ्या.

पेट्रोलला ही काजळी जाळायची कटकट नाही. छोट्या फेऱ्यांनी पेट्रोलचं ऑइलही लवकर खराब होते, पण ऑइल बदललं की विषय संपला.

पायरी ३: ताकद आकड्यात पाहू नका, आकडा कोणत्या आरपीएमला आहे ते पाहा

"डिझेलला खालून जोर असते" हे आपण मेजर अन् कमांडर जीपच्या जमान्यापासून ऐकत आलो अन् तेव्हा ते खरंच होतं. आता टर्बो पेट्रोल आल्यावर गोष्ट बदलली. तीन दरवाज्यांच्या थारचंच घ्या, २.० लिटर टर्बो पेट्रोल मॅन्युअलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) १२५० आरपीएमपासूनच मिळतो, २.२ लिटर डिझेलला तेवढाच टॉर्क १६०० पासून, अन् १.५ लिटर डिझेलला १७५० पासून. म्हणजे कागदावर पेट्रोलच खालून आधी जोर धरते. शोरूममधला पोरगा हे सांगत नाही कारण बहुतेक वेळा त्यालाच माहीत नसते.

दुसऱ्या टोकाला मारुतीची जिम्नी. १.५ लिटर साधं पेट्रोल, टर्बो नाही, टॉर्क १३४ न्यूटन मीटर अन् तोही ४००० आरपीएमला. आकडा वाचून लोक नाक मुरडतात. पण गाडीचं वजन १२०० किलोच्या आसपास अन् थार पावणेदोन टनाच्या जवळपास, हा फरक काळ्या मातीत फार मोठा आहे.

आपली काळी माती ओली झाली की काय करते ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण शहरातून येणाऱ्यांसाठी सांगतो. टायरच्या खाचा पहिल्या वीस पावलातच भरतात, मग माती मातीला चिकटत जाते अन् चाक पुरणाच्या गोळ्यासारखं गुळगुळीत होते, मडगार्डमधे जागा राहत नाही. तेव्हा खालचा टॉर्क एकटा काही करत नाही, चाक थोडं जोरात फिरून खाचेतली माती फेकली पाहिजे, तरच पकड येते. त्यामुळं चिखलात वर फिरणारं पेट्रोल इंजिन मजेत काम करते. उलट चिखलदऱ्याकडची दगडाची चढण, नाल्यातले गोटे, तिथं हळूहळू चालायचं असते, पाय अॅक्सिलरेटरवर नसला तरी गाडी सरकत राहिली पाहिजे, तिथं डिझेल आरामाचं. आपल्याला दगड किती अन् चिखल किती ते वहीत पाहा. यवतमाळ-वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात बहुतेकांना चिखलच निघेल.

एक मात्र लक्षात ठेवा, इंजिनापेक्षा लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, अन् टायर जास्त काम करतात. फोर एल, म्हणजे हीच लो रेंज, टाकलं की लहान इंजिनही मोठ्यासारखं ओढते. टू व्हील ड्राइव्ह गाडीत १७५ पीएसचं (पीएस म्हणजे घोड्याच्या ताकदीचं माप) इंजिन असलं तरी ओल्या पांदणीत ती मागून घसरत बांधाला जाऊन टेकते, मग ट्रॅक्टरवाल्याला फोन.

पायरी ४: इंजिन निवडलं म्हणजे गाडी निवडली गेली

बाजारात सगळी इंजिनं सगळ्या गाड्यात नाहीत, म्हणून आधीच माहीत असू द्या. जिम्नी फक्त पेट्रोल, पण लो रेंजसकट फोर बाय फोर प्रत्येक मॉडेलला. फोर्सची गुरखा फक्त डिझेल, २.६ लिटर, २०२४ पासून १४० पीएस अन् ३२० न्यूटन मीटर, पुढचं अन् मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतंच फिरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) कंपनीतूनच, स्नॉर्कल म्हणजे वरून हवा घेणारा पाइपही कंपनीचाच, आराम मात्र विचारू नका. तीन दरवाज्यांच्या थारमधे २.० पेट्रोल अन् २.२ डिझेलला फोर बाय फोर मिळते, १.५ डिझेल ही फक्त मागच्या चाकांवर. थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, तिच्यात फोर बाय फोर पाहिजे असेल तर डिझेलच घ्यावी लागते, पेट्रोलला नाही.

मी पाहिलं की लोक "थार डिझेल" म्हणून स्वस्तातली १.५ बुक करतात अन् गाडी घरी आल्यावर फोर बाय फोरचा लिव्हर शोधतात. लिव्हर नाहीच.

बोलेरो घ्यायची का असं कोणी तरी विचारेलच. ७५-७६ पीएस, मागची चाकं, दिसायला खोके, पण कोरड्या पांदणीला अन् आठ माणसं अन् दोन पोते सरकीला तिच्यासारखी दुसरी नाही. तुम्हाला वर्षातले फक्त पंधरा-वीस दिवस चिखल लागत असेल तर खरं सांगतो, बोलेरो घ्या अन् ते पंधरा दिवस ट्रॅक्टरनं जा.

पायरी ५: पैशाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. लांबी ४ मीटरच्या आत अन् पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, बाकी मोठ्यांना ४०. म्हणून १.५ डिझेल थार अन् बोलेरो १८ मधे बसतात, अन् जिम्नी लहानशी दिसत असूनही ४० मधे जाते कारण पेट्रोल असून इंजिन १५०० सीसीच्या जवळ आहे. वर आपल्या महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा साधारण २ टक्के जास्त. म्हणून एक्स शोरूम किंमतीवर भांडू नका, दोन्ही इंजिनांचं ऑन रोड कोटेशन लेखी घ्या अन् फरक काढा.

आता तो फरक किती दिवसात वसूल होतो ते पाहा. समजा ऑन रोड फरक दीड लाख निघाला, पेट्रोल १०५ रुपये अन् डिझेल ९२ धरलं, मायलेज पेट्रोलचं १० अन् डिझेलचं १३ धरलं. तर किलोमीटरला पेट्रोलचे साडेदहा रुपये अन् डिझेलचे सात, फरक साडेतीनचा. दीड लाखाला साडेतीननं भागा, साधारण ४३ हजार किलोमीटर आले. माझ्यासारखा वर्षाला ८-९ हजार चालवणारा असेल तर पाच वर्षं नुसती बरोबरी व्हायला, अन् २० हजारवाला असेल तर दोन वर्षात काम झालं. तुमच्या पंपाचा भाव अन् तुमचं कोटेशन टाकून हेच गणित करा, मोबाइलवर दोन मिनिटाचं काम आहे.

अन् दिल्लीत डिझेल दहा वर्षात भंगार काढायचा नियम आला होता म्हणून इथंही येईल या भीतीनं पेट्रोल घेऊ नका, तो नियम दिल्लीच्या आसपासचाच. आपल्याकडं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं अन् मग फिटनेस पाहून पाच-पाच वर्षं वाढते.

पायरी ६: इंधन अन् मेकॅनिक किती लांब

घरी ट्रॅक्टर असेल तर डिझेलची कॅन घरात असतेच, हा डिझेलचा मोठा फायदा. पण त्याच कॅनमधून नव्या गाडीत ओतायच्या आधी विचार करा. ट्रॅक्टर थोडं पाणी, थोडा कचरा पचवते, नव्या डिझेलचे कॉमन रेल इंजेक्टर, म्हणजे मोठ्या दाबानं डिझेल फवारणारे, नाही पचवत. पंपावरून थेट भरा, अन् डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं कुठून ते डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या.

पेट्रोलवाल्यांनी ई२० चं पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल असते, इथेनॉलमधे पेट्रोलच्या मानानं एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं उतरते. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, जुन्या जिप्सीचे रबरी पाइप मात्र तपासत राहा. इथेनॉल हवेतली ओल पण ओढून घेते, तर गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

टाकीही पाहा. थारची ५७ लिटर, जिम्नीची ४०. परतवाड्याहून सेमाडोह-धारणीकडं किंवा आलापल्लीहून भामरागडकडं जाणार असाल तर पंप दिसला की टाकी फुल्ल हा नियम, अन् तिकडं डिझेलची एक टाकी पेट्रोलपेक्षा लांब नेते हेही खरं.

मेकॅनिकचं म्हणाल तर तालुक्याच्या गावचे आपले मिस्त्री जुन्या पंपाच्या डिझेलचे राजे, पण नव्या डिझेलला अन् नव्या टर्बो पेट्रोलला दोन्हीला स्कॅनर लागते. यात कोणाला मोठा फायदा नाही. साधं पेट्रोल इंजिन, म्हणजे जिम्नीवालं, त्यातल्या त्यात सोपं.

पाणी, धूळ, ऊन

यात इंजिनाचा फरक थोडाच. थारला कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी सांगते, गुरख्याला ७००, म्हणजे साधारण गुडघ्याच्या थोडं वर, तेही थांबलेलं पाणी. वाहत्या पुलावर ते आकडे विसरा, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते तिथं कोणतंच इंजिन कामाचं नाही. नाल्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नका, पेट्रोल असो की डिझेल. सिलिंडरमधे पाणी गेलं असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, अन् डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून तिथं दणका मोठा.

सोयाबीन काढायच्या दिवसात थ्रेशरजवळ गाडी उभी करता ना, तेव्हा कुटार अन् धूळ एअर फिल्टरमधे अन् रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. दिवाळीत साफ नाही केली तर मे महिन्यात ४६ डिग्रीत टेम्परेचरचा काटा तुम्हाला आठवण करून देईल.

जुनी घेणार असाल तर

बजेट कमी म्हणून जुनी जीप, जुनी थार, जंगल सफारीतून निघालेली जिप्सी पाहणारे खूप आहेत अन् मला तर तोच प्रकार आवडतो. बीएस ४ ची जुनी २.५ लिटर सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थार, १०५ बीएचपीची, तिला डीपीएफ नाही, म्हणून छोट्या फेऱ्यावाल्याला डिझेलच पाहिजे असेल तर हा रस्ता आहे. जिप्सीचं १.३ पेट्रोल ८० पीएसचं, हलकी गाडी, पार्ट मिळतात, पण ताडोबा-पेंचला वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ फिरलेली असेल तर मीटरवर विश्वास नको.

इंजिन थंड असतानाच जा, आधीच्या दिवशी फोनवर सांगा की चालू करून ठेवू नका. तरी गेल्यावर बोनेटला हात लावून पाहा, गरम लागलं तर समजून जा. चालू केल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा, आतून वाफेसारखे भपके येऊन झाकण उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, डिझेलला पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

अन् आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी स्वतः टॉर्च मारून जुळवा. मिलिटरी ऑक्शनच्या अन् जुन्या जीपमधे इंजिन बदललेलं असणं नेहमीचं, पेट्रोलची डिझेल करून ठेवतात अन् कागद तसेच. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधेच सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येत नाही, तर असली गाडी स्वस्तात मिळाली तरी इन्शुरन्सच्या वेळेला महागात जाते.

शेवटची पायरी: टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमसमोरच्या सिमेंट रोडवर चक्कर मारून काही कळत नाही, तिथं सगळीच इंजिनं गोड लागतात. पोराला सांगा गाडी गावाला आण, नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला विचारा, गिऱ्हाईक पक्कं वाटलं की येतात. पांदणीत नेऊन फोर एल टाका, दुसऱ्या गिअरमधे क्लच सोडून पाय बाजूला ठेवा अन् पाहा गाडी स्वतः चालते का धडपडते. मग मागं तीन माणसं बसवून चढावर थांबवा अन् तिथूनच उचला. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, त्याच जागी. घरचे मागं बसलेले असू द्या, कारण डिझेलचा आवाज किती सहन होतो हे मालकापेक्षा मालकीणबाई लवकर सांगतात, आमच्या घरी पेट्रोल त्यांच्याच एका वाक्यावर आली.